बटण दाबलं, टप अर्ध्यात अडकला

यंदा टपाचे, म्हणजे गाडीच्या उघडमीट होणाऱ्या कापडी छताचे, तीन प्रश्न एकदम आले. थंडी सरली की अमेरिकेत आणि इंग्लंडात मंडळी गाडीवरचं कव्हर काढतात, ऊन बघून बटण दाबतात आणि मग मला लिहायला बसतात. तिघांपैकी दोघांना वाटतंय की मोटर गेली. तिसऱ्याच्या गाडीला मोटरच नाही, त्याला ती बसवून हवी आहे.

प्रश्न : माझ्याकडे 1999 ची पोर्श बॉक्स्टर आहे. टप उघडायला बटण दाबलं की मागचं झाकण उचललं जातं, टपही हलतो, पण डावी बाजू पुढे जाते आणि उजवी मागे राहते. मग उजवीकडून टर्रर्र आवाज येतो आणि सगळं वाकड्यातच थांबतं. शिवाय मधूनमधून बटण दाबून काहीच होत नाही, नुसती शांतता. इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडीखाली न जाता, झाकण न उचलता सांगितलं की मोटर बदला. नवरा म्हणतो, विकून टाक. काय करू?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, नवऱ्याशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा. मोटरचं मात्र मी सांगतो.

तुमच्या गाडीत टपाला मोटर एकच आहे. ती मागे मधोमध, झाकणाखाली बसवलेली असते. तिच्यातून दोन लवचीक केबल निघतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. जुन्या स्कूटरच्या स्पीडोमीटरला असायची तशीच, आतली तार गरगर फिरणारी केबल. प्रत्येक केबलच्या टोकाला छोटा गिअरबॉक्स, त्यावर लिव्हर, आणि त्या लिव्हरच्या जोरावर झाकण उचललं जातं नि टप ढकलला जातो. आता तुम्हीच लिहिलंय की डावी बाजू पुढे जाते. ती कोण ढकलतंय? तीच मोटर. म्हणजे ती जिवंत आहे, आणि उजव्या बाजूचं दुखणं मोटरच्या पुढे, उजवीकडेच कुठेतरी आहे. एवढं कळायला झाकणही उचलायला नको होतं, नुसतं तुमचं बोलणं ऐकलं असतं तरी पुरे होतं.

तुमची दुखणी दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देऊ नका. वाकडं होणं हे यांत्रिक. शांतता पसरणं हे विजेचं. आधी वाकडेपणा, कारण त्यात नुकसान जास्त होतं.

टप वाकडा दिसला की बटण सोडायचं, आणि पुन्हा दाबायचं नाही. 'परत एकदा बघू' म्हणून दाबत राहिलात तर चांगली बाजू वाईट बाजूला ओढते, सांगाडा पिळवटतो, आणि चिल्लर कामाचं मोठं काम होतं. टप अर्ध्यात असताना किल्ली काढून खिशात ठेवा. हात आत असताना कोणी कौतुकानं बटण दाबलं तर बोट जाईल, आणि त्या झाकणाला दयामाया नसते.

मग टॉर्च घेऊन दोन्ही बाजूंना बघा. लिव्हरपासून टपाच्या सांगाड्याकडे एक दांडी जाते. दांडीच्या टोकाला प्लॅस्टिकची वाटी असते आणि ती लोखंडी गोळीवर दाबून बसवलेली असते. पंचवीस वर्षांच्या उन्हा-थंडीनं हे प्लॅस्टिक ठिसूळ होतं, वाटीला कडेनं केसासारखी चीर जाते आणि जोर आला की ती गोळीवरून निसटते. डाव्या बाजूची वाटी आधी नीट बघून घ्या, म्हणजे उजवीकडे काय बिघडलंय ते लगेच डोळ्यांत भरेल. काही वेळा वाटी जागेवर बसलेली दिसते, पण बोटानं हलवली की डुगडुगते. तीही गेलेलीच समजा.

वाटी शाबूत दिसली तर पुढची परीक्षा. दोन माणसं लागतील. एकानं किल्ली ऑन करून बटण क्षणभरच दाबायचं आणि सोडायचं, दुसऱ्यानं हात लांब ठेवून फक्त उजव्या लिव्हरकडे बघायचं. लिव्हर फिरतो पण टप हलत नाही, तर दोष दांडीत किंवा वाटीत. लिव्हरच फिरत नाही आणि टर्रर्र आवाज येतो, तर केबल. तिच्या आतल्या तारेचं टोक चौकोनी असतं, ते झिजून गोल झालं की गिअरबॉक्सच्या खाचेत नुसतं फिरत राहतं. केबल बाहेर काढून टोक बोटांत धरा. कोपरे लागायला हवेत. केबल चांगली निघाली आणि तरी लिव्हर हलत नसेल, तर गिअरबॉक्सचे दाते. तुम्ही आवाजाचं जे वर्णन केलंय त्यावरून माझा संशय केबलवर आहे, पण वाटी आधी बघा, कारण ती बघायला काही सोडावं लागत नाही.

वाटी बदलायची झाली तर दोन्ही बाजूंची बदला. एकाच वयाच्या आहेत, डावीही फार दिवस टिकणार नाही. धातूच्या वाट्यांच्या दांड्या बाजारात मिळतात, मोटरच्या मानाने किरकोळ किमतीत. मी त्याच लावा म्हणेन.

आणि एक काम जे घाईत राहून जातं. केबल किंवा गिअरबॉक्स काढला की दोन्ही बाजूंचा मेळ सुटतो. परत जोडताना दोन्ही लिव्हर अगदी एकाच जागी आणूनच केबल लावायची. एका बाजूचा लिव्हर दोन दाते पुढे राहिला तर सगळं नवं सामान घालूनही टप वाकडाच चालेल आणि तुम्ही मला परत लिहाल. झाकण उघडून अर्ध्यात थांबवा आणि दोन्ही कडांची फट बघा. फट सारखी, म्हणजे मेळ बरोबर.

टप अर्ध्यात अडकलाय आणि आभाळ भरून आलंय, अशी वेळ आली तर? किल्ली काढा, चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं दोन्ही बाजूंच्या वाट्या गोळ्यांवरून अलगद उचकटा, दोघांनी दोन बाजूंना धरून टप हातानं पुढे आणा आणि काचेवरची कडी लावा. गाडीच्या पुस्तिकेत ही रीत दिलेली आहे. पुस्तिका गाडीत ठेवा, घरातल्या कपाटात तिचा उपयोग नाही.

आता शांतता. उद्यमनगरात कामाला लागलो तेव्हा आमचे मिस्त्री टेस्ट लॅम्प, म्हणजे तारेत वीज आहे का ते दाखवणारा दिवा, हातात असल्याशिवाय बॉनेटला हात लावू द्यायचे नाहीत. तो दंडक मी न्यू जर्सीतही पाळतो. पण तुम्हाला पहिल्या तीन गोष्टींना लॅम्पही लागणार नाही.

किल्ली ऑन, हँडब्रेक वर. हँडब्रेक ओढलेला नसेल तर ही गाडी टप हलवतच नाही. गाडीला हँडब्रेक ओढलाय हे कळतं ते त्याच्या बुडाशी असलेल्या छोट्या स्विचमुळे. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा बघत दांडा थोडा वर-खाली करा. दिवा लुकलुकत असेल तर तुमची 'मधूनमधून शांतता' तिथेच सापडली.

दुसरं, काचेच्या वरची कडी सोडा. कडी सुटताच दोन्ही दारांच्या काचा आपोआप थोड्या खाली यायला हव्यात. आल्या, तर कडीतला मायक्रोस्विच काम करतोय. नाही आल्या, तर गाडीला अजून कडी लावलेलीच वाटतेय आणि ती बटणाला दाद देणार नाही. त्या स्विचवर धूळ आणि जुनं ग्रीस साचून तो आत अडकतो. कॉन्टॅक्ट क्लीनर, म्हणजे विजेचे जोड साफ करायचा स्प्रे, मारून, दहा-वीसदा दाबून सोडून बघा. फार वेळा एवढ्यानंच भागतं.

तिसरं, बॅटरी. हिवाळाभर उभी राहिलेली गाडी आहे. इंजिन बंद, गाडी काही तास उभी, अशा वेळी मल्टिमीटरवर, म्हणजे वीज मोजायच्या मीटरवर, 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 12.2 च्या खाली असेल तर बॅटरी अर्धी उतरलीय. दिवे लागतील, रेडिओ वाजेल, पण टपाची मोटर तेवढ्यावर कुरकुरते. गाडी मोकळ्या जागेत घेऊन इंजिन चालू ठेवून बटण दाबा. तसं चाललं तर आधी बॅटरी बघा.

तिन्ही ठीक, तरी शांतता? मग कान द्या. बटण दाबल्यावर पायापाशी टक् असा रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, आवाज येतो का? तुमच्या सालच्या गाडीत टपाला दुहेरी रिले आहे. मोटर एकच आणि तिला दोन्ही दिशांना फिरवायचं, म्हणून उघडताना तिच्या दोन तारांत वीज एका बाजूनं जाते आणि बंद करताना उलट्या बाजूनं. ती उलटापालट हा रिले करतो. त्यामुळे 'उघडतो पण बंद होत नाही' अशी तक्रार आली की मी आधी रिले बघतो. त्याचा अर्धा भाग जळालेला असतो. टक् आवाज येत नसेल तर डाव्या पायापाशी, दाराच्या बाजूला फ्यूजचा डबा आहे, त्याच्या झाकणावरचा तक्ता बघून टपाचा फ्यूज काढा. नुसतं बघून ठरवू नका, मीटर लावा.

टक् येतो आणि मोटर गप्प? आता मोटरचा प्लग काढून त्याच्या दोन तारांना मल्टिमीटर लावा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. 12 व्होल्ट आले, दुसऱ्या दिशेला दाबल्यावर उणे 12 दिसले, आणि प्लग परत लावल्यावर मोटर हूं की चूं करत नाही, तेव्हा मोटर गेली असं म्हणायचं. तोवर कुणी म्हटलं तर त्याला विचारा, मीटर कुठे लावला होता?

टप दुरुस्त झाला की तीन गोष्टी सांभाळा. टपाच्या कडेनं आत इलास्टिकचे पट्टे असतात. टप मिटताना ते कापड आत खेचून धरतात. ते सैल झाले की कापड सांगाड्याच्या सांध्यात चिमटतं आणि नेमकं दाराच्या वर फाटतं. पट्टे स्वस्त आहेत, कापड नाही.

तुमची मागची काच प्लॅस्टिकची आहे. या गाडीला खरी काच 2003 च्या मॉडेलपासून आली. प्लॅस्टिकची काच मिटताना भलत्याच ठिकाणी घडी पडून पांढरी रेघ उमटते आणि मग ती जात नाही. टप उघडताना निम्म्यात बटण सोडा, मागे या, हाताच्या कडेनं काचेच्या मधल्या घडीला आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत हलकेच चेपा, आणि मग पुढे चालू करा. बॉक्स्टरवाले एकमेकांना हे शिकवतातच. कडाक्याच्या थंडीत मात्र टपाला हात लावायचा नाही, ते प्लॅस्टिक तडकतं.

तिसरं, पाणी जायची भोकं. टप मिटून बसतो त्या जागेच्या दोन्ही कोपऱ्यांत ती आहेत. मेपलची पानं, पाइनच्या काड्या तिथे साचतात, भोक तुंबतं आणि पाणी गाडीच्या आत उतरतं. ड्रायव्हरच्या सीटखाली कार्पेटवर अलार्म आणि इमोबिलायझरचा (चोराला गाडी चालू न करू देणाऱ्या यंत्रणेचा) डबा आहे. तो भिजला की अलार्म आपोआप ठणाणा करतो, सेंट्रल लॉक वेड्यासारखं वागतं, आणि एखाद्या सकाळी गाडी चालूच होत नाही. टपाच्या तक्रारीसोबत कार्पेट ओलं लागलं तर मी टप बाजूला ठेवून आधी तो डबा बाहेर काढतो. तुम्ही आजच सीट मागे सारून हात लावून बघा.

प्रश्न : बीएमडब्ल्यू झेड फोर, 2004 ची, ई 85 मॉडेल. टप आधी दहा-बारा सेकंदांत उघडायचा. गेल्या हिवाळ्यापासून हळू झाला, मग हातानं आधार दिला तरच उघडायला लागला. आता बटण दाबलं की सीटच्या मागून घरघर येते आणि टप हलतच नाही. गाडी रस्त्यावरच, झाडाखाली उभी असते. मोटर गेली असं सगळे म्हणतात.
— एक वाचक, स्लाव, इंग्लंड

उत्तर : सगळे बहुधा बरोबर बोलताहेत, पण ती का गेली ते शोधल्याशिवाय नवी घालू नका. नाहीतर नवीही त्याच वाटेनं जाईल. तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य 'झाडाखाली' हे आहे.

वरच्या ताईंच्या गाडीत केबल आहेत, तुमच्यात तेल आहे. मोटर पंप फिरवते, पंप तेल दाबतो, तेल सिलेंडरमध्ये जाऊन टप हलवतं. हा पंप-मोटरचा जोड सीटच्या मागे, टपाच्या घडीच्या बाजूच्या खोलगट भागात बसवलेला आहे, आणि टपावरचं पाणी उतरून बाहेर जायचा रस्ताही तिथूनच आहे. पानं कुजून ते भोक तुंबलं की खड्डा भरतो आणि मोटर पाण्यात उभी राहते. आधी बेअरिंग गंजतं, तेव्हा आवाज जाड होतो. मग टप हळू होतो. मग घरघर. तुमच्या गाडीनं सगळ्या पायऱ्या क्रमानं घेतल्या आहेत.

आता बटण दाबू नका. सीटच्या मागच्या त्या खोलगट भागात वाकून हात घाला, किंवा तारेला चिंधी बांधून आत सोडा. ओली आली तर साधी नळी लावून पाणी खेचून काढा. भोक मोकळं करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची जाड दोरी उत्तम. वाकते आणि रबर फाडत नाही. हवेचा प्रेशर मारू नका, आतली नळी जोडावरून सुटली तर पाणी कायमचं आतच पडत राहील. मग जगमधून पाणी बारीक धारेनं ओता आणि गाडीखाली ते पडतंय का बघा. पडत नसेल तर काम झालेलं नाही.

हे झाल्यावर मोटर. गंज वरवरचा असेल तर उघडून साफ करून, बेअरिंग आणि आतले झिजणारे कार्बनचे तुकडे बदलून ती चालते. वेटोळ्यांत पाणी गेलं असेल तर वेळ घालवू नका, बदला. खरं काम ती बाहेर काढण्याचं आहे, जागा अडचणीची आहे आणि मजुरी तिथेच जाते. म्हणून इंग्लंडातले बरेच झेड फोरवाले मोटर परत त्या खड्ड्यात न ठेवता नळ्या नि वायर फिरवून डिकीत आणून बसवतात. मला ही गोष्ट पटते. कारखान्यानं ठेवलीय तिथेच ठेवायची असा हट्ट धरणारे मिस्त्री भेटतील, त्यांना तुमच्या जुन्या मोटरचा गंज दाखवा.

आणखी दोन. डिकीत टपाची घडी बसते ते खोकं खाली ओढलेलं आहे ना? सामानासाठी वर सरकवून ठेवलं असेल तर गाडी टप उघडू देत नाही, आणि मोटरच्या नावानं खडे फोडले जातात. तुमच्याकडे घरघर येतेय, म्हणजे तुमचं हे कारण नाही, हे इतरांसाठी. दुसरं, तेलाची पातळी. तेल कमी असेल तर गळती शोधा, नुसतं वरून भरू नका. मर्सिडीजच्या जुन्या एसएलमध्ये, 1989 ते 2001 च्या आर 129 मध्ये, सिलेंडरची सीलं जुनी झाली की काचेच्या वरच्या पट्टीतून तेल थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर ठिबकतं, त्यामुळे तिथे गळती शोधायला कष्ट पडत नाहीत. तुमच्याकडे अस्तराखाली हात घालून बघावं लागेल.

प्रश्न : माझ्या वडिलांनी घेतलेली सॅन स्टॉर्म अजून घरी आहे. टप हातानं उघडावा लागतो. त्याला मोटर बसवता येईल का? शिवाय पावसाळ्यात कापडाला आतून बुरशी येते.
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : बसवता येईल, पण बसवू नका. गोव्यातच बनलेली, फायबरच्या बॉडीची, दोन माणसांची गाडी. टप हातानं मागे टाकायचा या हिशेबानंच तिचा सांगाडा हलका केलेला आहे. मोटर लावायची तर दोन्ही बाजूंना सारखा जोर, कुठे थांबायचं ते सांगणारे स्विच, कडी सुटलीय का हे बघणारा स्विच, जाड वायरिंग, रिले, आणि हे सगळं ज्यावर घट्ट बसेल असं लोखंड, जे फायबरमध्ये नाही. वरची दोन उत्तरं वाचलीत तर कळेल की लोक त्यातून सुटायला बघताहेत.

बुरशीचं मात्र मनावर घ्या. ओला टप मिटायचा नाही, ही पहिली गोष्ट. जूनपासून टप पूर्ण ताणून लावलेला असू दे आणि गाडी छपराखाली असली तर काचा बोटभर खाली ठेवा, आत हवा खेळू दे. बुरशी आलीच तर कोमट पाणी, साधा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. कपड्यांचा ब्लीच नको, त्यानं शिवणीचा दोरा कुजतो. शिवणीवर सर्व्हिस स्टेशनचा पाण्याचा प्रेशरही मारू देऊ नका. सावलीत पूर्ण वाळल्यावर कापडाचं पाणी-रोधक स्प्रे दोन हात मारा आणि हे काम गणपती झाल्यावर न करता मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी उरकून घ्या. शिवण कुठे उसवलेली दिसली तर तेव्हाच शिवून घ्या, सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्याकडेही हे काम होतं. फक्त त्याला उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा दोरा वापरायला सांगा.